पुण्यात गणपती बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण संपत आला की मेसेज सुरू होतात. नातेवाईक, जुने मित्र, मित्रांचे मित्र, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. मी पेठेतच वाढलो, दरवर्षी कुणाला ना कुणाला घेऊन फिरतो, त्यामुळे यावेळी सगळं एकदाच लिहून टाकतोय. प्रश्नांना नंबर दिलेत कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं, तिथे तो नंबर सांगितलाय.

१. दहा दिवसांत नक्की कोणत्या दिवशी यावं?

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. पहिले दोन-तीन दिवस गर्दी कमी असते पण बऱ्याच मंडळांचे देखावे तोवर पूर्ण झालेले नसतात, कुठे सुतारकाम चालू असतं कुठे लाइटिंगची वायर लोंबकळत असते, तेव्हा फक्त दर्शन हवं असेल तर हे दिवस उत्तम. देखावे बघायचे असतील तर चौथ्या-पाचव्या दिवसानंतर या. गौरी गेल्या की घरातली माणसं मोकळी होतात आणि तिथून रस्ते भरायला लागतात ते शेवटपर्यंत. मला विचाराल तर गौरी विसर्जनानंतरचा एखादा आडवार निवडा, शनिवार-रविवार टाळा. आणि पहिल्यांदाच येत असाल, सोबत लहान पोरं किंवा म्हातारी माणसं असतील, तर विसर्जनाचा दिवस धरू नका. हे मी मनापासून सांगतोय, कारण तो दिवस बघायला येणारे वेगळे आणि गणपती बघायला येणारे वेगळे.

२. मानाचे पाच गणपती कोणते, आणि एका फेरीत सगळे होतात का?

पहिला कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. दुसरा तांबडी जोगेश्वरी, तिसरा गुरुजी तालीम, चौथा तुळशीबाग, पाचवा केसरीवाडा. दगडूशेठ हलवाई, भाऊ रंगारी आणि मंडईचा शारदा गणपती मानाच्या पाचात नाहीत पण ते बघितल्याशिवाय कुणी परत जात नाही.

हो, एका फेरीत होतात. सगळं मिळून जेमतेम तीन किलोमीटर चालणं आहे. फक्त मानाच्या क्रमाने जाऊ नका, उगाच उलटसुलट होतं. कसबा पेठ मेट्रोपाशी सुरुवात करा, कसबा गणपती, मग भाऊ रंगारी, तिथून जोगेश्वरी, मग अप्पा बळवंत चौकातून नारायण पेठेत केसरीवाडा, परत लक्ष्मी रोडला येऊन गुरुजी तालीम, पलीकडे तुळशीबाग आणि शेवट मंडईत. दगडूशेठचं प्रश्न ९ मध्ये वेगळं लिहिलंय. सकाळी सातला सुरुवात केली तर दहापर्यंत आरामात होतं, संध्याकाळी याच फेरीला चार तास धरा.

तुळशीबागेत थोडं थांबा. भोवती भांड्यांची, बांगड्यांची दुकानं आणि मधे ती उंच मूर्ती, मान वर करून बघावं लागतं. गुरुजी तालमीचा गणपती १८८७ पासूनचा मानतात, म्हणजे सार्वजनिक उत्सवाची जी वर्षं आपण शाळेत शिकलो त्याच्याही आधीचा, आणि तो हिंदू-मुस्लिम घरांनी मिळून सुरू केला. सोबत मुलं असतील तर त्यांना तिथे उभं करून ही गोष्ट जरूर सांगा.

३. मुंबईहून यायचं तर ट्रेन की बस?

ट्रेन. डेक्कन क्वीन, प्रगती, इंद्रायणी, इंटरसिटी, डेक्कन एक्स्प्रेस, सिंहगड, भरपूर आहेत, पण बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि या काळातली तिकिटं पटापट जातात. दादरहून शिवनेरी मिळते, मात्र एक्स्प्रेसवेवर शनिवारी सकाळी घाटात अडकलात तर सगळा दिवस तिथेच जातो. संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने आलात तर साडेआठच्या आसपास पुणे स्टेशन, तिथूनच मेट्रोने पेठेत जाता येतं (प्रश्न ५).

४. एसटीने येतोय, कुठे उतरायचं?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी स्वारगेट. नाशिक, संभाजीनगर, मराठवाडा-विदर्भाकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या शिवाजीनगरला जातात असं तिकिटावर लिहिलेलं असतं पण ते स्टँड २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हललं, तेव्हा गाडीतून उतरल्यावर शिवाजीनगर स्टेशन कुठे दिसत नाही म्हणून गोंधळू नका. वाकडेवाडीहून रिक्षाने शिवाजीनगर मेट्रो गाठायची. स्वारगेटवाल्यांचं सोपं आहे, स्टँडजवळच मेट्रो आणि पुढचंच स्टेशन मंडई.

महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या वरच्यांना मोफत प्रवास या एसटीच्या सवलती सणातही चालतात, आधार कार्ड जवळ ठेवा. चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र एसटीच्या खूप गाड्या कोकणाकडे वळवलेल्या असतात, त्यामुळे बाकीच्या रूटवर गाडी उशिरा लागली तर नवल नाही. त्या दिवसांत शक्यतो रिझर्व्हेशन करूनच निघा.

५. मेट्रोने कुठल्या स्टेशनला उतरू? मंडईच ना?

सगळे मंडईलाच उतरतात आणि तिथेच गाडं अडतं. मंडई स्टेशन अगदी गर्दीच्या पोटात आहे. संध्याकाळी आठच्या सुमारास वर येणारे आणि खाली जाणारे समोरासमोर येतात, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी माणूस अक्षरशः उचलला जातो. मी एकदा आत्याला घेऊन तिथून वर आलो, बाहेर आल्यावर बघतो तर तिच्या एका पायात चप्पलच नव्हती, आणि मागे वळून बघायलासुद्धा जागा नव्हती. तेव्हापासून घरच्यांना एकच सांगतो, कसबा पेठला उतरा, गणपती बघत बघत चालत या आणि परत जाताना मंडईला चढा. प्रश्न २ मधली फेरी त्यासाठीच तशी लावलीय.

वनाज किंवा रामवाडीच्या बाजूने येत असाल तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची गरजच नाही. पीएमसी स्टेशनला उतरा, शिवाजी पुलावरून, म्हणजे आम्ही ज्याला नवा पूल म्हणतो त्यावरून, चालत दहा-बारा मिनिटांत शनिवारवाडा. डेक्कनला उतरलात तर लकडी पुलावरून अलका चौक. पुणे स्टेशनहून येणारेही पीएमसीच धरू शकतात.

तिकीट मोबाईलवर आधीच काढून ठेवा, आत शिरल्यावर नेटवर्क मिळेल याची खात्री नसते. मेट्रो कार्ड असेल तर सगळ्यात बरं.

६. रात्री मेट्रो किती वाजेपर्यंत असते? शेवटची गाडी चुकली तर?

एरवी सकाळी ६ ते रात्री ११. उत्सवात वेळ वाढवतात, २०२५ मध्ये पहिले तीन दिवस नेहमीची वेळ, नंतर रात्री २ पर्यंत, आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी ६ ला सुरू झालेली मेट्रो दुसऱ्या दिवशी रात्री ११ पर्यंत सलग ४१ तास चालली. दरवर्षीचं वेळापत्रक उत्सवाच्या थोडं आधी जाहीर होतं, ते बघूनच परतीचं ठरवा.

गाडी चुकलीच तर पीएमपीच्या रात्रीच्या जादा बस असतात, तिकीट नेहमीपेक्षा थोडं जास्त घेतात, सुटे पैसे ठेवा. पण या बस पेठेच्या आतून सुटत नाहीत, स्वारगेट, डेक्कन, मनपा अशा ठिकाणी चालत जावं लागतं.

७. आमची कार आहे. पार्किंग कुठे मिळेल?

पेठेत मिळणार नाही. हे वाचून पण दरवर्षी कोणीतरी "जवळपास कुठेतरी होईलच की" म्हणून येतो आणि मग दोन तास बाजीराव रोडच्या तोंडाशी बसतो. शेवटच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमारास शिवाजी रोड, लक्ष्मी रोड, बाजीराव रोड गाड्यांना बंद व्हायला लागतात, आत असलेली गाडी मग बाहेरही काढता येत नाही.

कोथरूड, पिंपरी, कल्याणीनगर, जिथे कुणी ओळखीचं असेल त्यांच्याकडे गाडी लावा आणि मेट्रो पकडा. ओळखीचं कुणी नसेल तर पोलिस दरवर्षी पार्किंगच्या जागांची यादी देतात, त्यात शाळा-कॉलेजची मैदानं असतात, ती बघा. नदीपात्रातल्या पार्किंगबद्दल मात्र सावध राहा. सप्टेंबरमध्ये धरणं भरलेली असतात, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. वरच्या बाजूला पाऊस चालू असेल तर तिथे गाडी लावून चार तास फिरायला जाऊ नका.

८. राहायला हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

पेठेत राहिलात तर सगळं चालत, पण रात्री झोप नाही. शेवटचे काही दिवस स्पीकरला रात्री १२ पर्यंत परवानगी असते आणि विसर्जनाच्या रात्री तर खिडकीच्या काचा थरथरतात. शिवाय रस्ते बंद असताना सामान घेऊन हॉटेलपर्यंत चालत जावं लागतं, हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही, फोन करून विचारा. माझ्या मते डेक्कन, शिवाजीनगर किंवा पुणे स्टेशन परिसर चांगला, मेट्रो हाताशी आणि रात्री शांतता.

९. दगडूशेठला रांगेत किती वेळ जातो?

वेळेवर आहे. पहाटे-सकाळी लवकर गेलात तर अर्ध्या तासाच्या आत होऊ शकतं, शनिवारी रात्री गेलात तर काही सांगता येत नाही. पण रांगेत न लागता समोरच्या रस्त्यावरूनही मूर्ती छान दिसते, मुखदर्शनावर समाधान असेल तर तसंच करा. उत्सवातला मांडव बुधवार चौकाजवळ असतो, कायमचं मंदिर वेगळं, नकाशावर मंदिर टाकून गेलात आणि गर्दी दुसरीकडे दिसली तर घाबरू नका, दोन्ही जवळच आहेत. ओळखीने आत सोडतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर सरळ पुढे चाला.

१०. ऋषिपंचमीच्या अथर्वशीर्षाला यायचंय, कसं जमवू?

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दगडूशेठसमोर हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. अंधार असतो, रस्ताभर साड्या, गजरे, हातात छोटी पुस्तकं आणि एका सुरात ॐ नमस्ते गणपतये सुरू होतं, अंगावर काटा येतो. माझी आई कितीतरी वर्षं जाते. अडचण एकच, मेट्रो ६ ला सुरू होते आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आदल्या रात्री जवळ मुक्काम करा किंवा पहाटे रिक्षाने शनिवारवाड्यापर्यंत या आणि पुढे चाला.

११. रिक्षा आणि कॅब मिळतात का?

बंद रस्त्यांच्या बाहेर मिळतात, आत नाही. ॲपवर गाडी बुक करताना लोकेशन मंडई टाकलंत तर ड्रायव्हर येऊच शकत नाही आणि कॅन्सल होत राहतं. आधी चालत नव्या पुलापलीकडे, डेक्कनला किंवा स्वारगेटला बाहेर या, मग बुक करा. रात्री उशिरा भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या.

१२. आजी-आजोबांना आणायचंय, गुडघे दुखतात. जमेल का?

जमतं, फक्त सकाळी ६ ते ९ मध्ये. त्या वेळी रस्ते धुतल्यासारखे मोकळे असतात, आरती चालू असते, फुलवाले ताजी फुलं मांडत असतात, आणि खरं सांगू का, मला स्वतःला हीच वेळ सगळ्यात आवडते. मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे. कसबा, जोगेश्वरी, दगडूशेठ एवढंच धरा, केसरीवाडा सोडून द्या. कानाचं मशीन लावणाऱ्यांना आणि हार्टच्या पेशंटना ढोलाच्या जवळ अजिबात नेऊ नका.

१३. लहान मुलं हरवली तर? काय काळजी घ्यायची?

मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवा, त्यावर दोन फोन नंबर, एक तुमचा आणि एक पुण्याबाहेरच्या कुणाचा, कारण गर्दीत तुमचाच फोन लागत नाही (प्रश्न १६). निघताना मुलाचा त्याच दिवसाच्या कपड्यातला फोटो काढा. चुकामूक झालीच तर जिथे आहेस तिथेच उभा राहा हे त्याला आधीच शिकवा, आणि तुम्ही सरळ जवळच्या पोलिस मदत केंद्रात किंवा मंडळाच्या स्टेजवर जा, मंडळं लगेच माईकवरून पुकारतात. ११२ लावा. तान्ह्या बाळाला मिरवणुकीत आणू नका, कापूस घातला तरी तो आवाज त्या कानांना सोसत नाही.

१४. बायकांसाठी टॉयलेटची सोय आहे का?

हा प्रश्न बायका मला थेट विचारत नाहीत, नवऱ्याच्या फोनवरून विचारतात, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. सगळ्यात भरवशाची जागा मेट्रो स्टेशन, म्हणून पेठेत शिरायच्या आधी तिथेच जाऊन घ्या. दुसरा पर्याय म्हणजे जेवायला हॉटेलात बसाल तिथे. फिरती शौचालयं ठेवतात पण रात्री नऊनंतर त्यांची अवस्था चांगली राहत नाही. त्यापायी पाणी न पिता फिरू नका, गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या बायका मी बघितल्यात, त्यातल्या बहुतेकींनी दुपारपासून पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता.

१५. काय घालावं, काय बरोबर घ्यावं?

मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलंच. छत्रीपेक्षा रेनकोट, गर्दीत छत्री उघडली की काडी दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. पाण्याची बाटली, थोडी रोख. सोनं घरी ठेवा, मंगळसूत्रसुद्धा साधं घाला. पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

१६. फोनला नेटवर्क असतं का?

संध्याकाळी मंडई, बुधवार चौक, अलका चौक इथे फोन लागला तर लागला. म्हणून सगळ्यांनी मिळून एक जागा आणि वेळ आधी ठरवा, "दगडूशेठपाशी भेटू" असं नको, तिथे हजार माणसं एकमेकांना भेटत असतात. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा चांगला. पैसे देताना पण क्यूआर अडकतो, रोख ठेवा ती यासाठीच.

१७. विसर्जन मिरवणूक कुठून बघावी आणि किती वेळ चालते?

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागते आणि शेवट अलका चौक. मानाचे पाच आधी. पालखीतला कसबा गणपती, मागे ढोल, तो क्षण बघायचा असेल तर साडेआठलाच बेलबाग चौकाच्या आसपास जागा धरा. नंतर आलात तर फक्त डोकी दिसतात. निवांत बघायचं असेल तर डेक्कनहून लकडी पूल ओलांडून अलका चौकाच्या बाजूला या, तिथे टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोडच्या मिरवणुकाही येऊन मिळतात आणि परतायला डेक्कन मेट्रो जवळ.

दगडूशेठ पूर्वी पहाटे यायचा, २०२३ पासून दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत येतो, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून रात्रभर जागू नका. पूर्ण मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, २०२५ ला तर ३२ तासांच्या वर गेली.

१८. मिरवणूक चालू असताना लक्ष्मी रोड ओलांडता येतो का? आमचं हॉटेल पलीकडे आहे.

रस्त्यावरून जवळजवळ नाही. ढोलपथकाच्या दोरीच्या आतून पळत जायचा प्रयत्न करू नका, ते पोरं-पोरी तासन्‌तास वाजवून दमलेले असतात आणि मधे शिरलं की धक्काबुक्की होते. पण एक युक्ती आहे. मंडई स्टेशन लक्ष्मी रोडच्या एका बाजूला आणि कसबा पेठ दुसऱ्या बाजूला. दहा रुपयांचं तिकीट काढा, एक स्टेशन जा, लक्ष्मी रोड तुमच्या डोक्यावरून गेलेला असेल. स्टेशनच्या रांगेत वेळ जाईल हे खरं, तरी वर तीन तास अडकण्यापेक्षा बरं.

१९. विसर्जनाच्या दिवशीच रात्रीची ट्रेन किंवा फ्लाइट आहे, पोहोचू का?

ट्रेन असेल तर हो. सामान सकाळीच पेठेबाहेर हलवा, गाडीच्या अडीच तास आधी मिरवणुकीतून निघा, मंडई टाळून पीएमसी स्टेशनपर्यंत चाला आणि तिथून सरळ पुणे रेल्वे स्टेशन, गाडी बदलायला नको. फ्लाइटसाठी रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा-कॅब, चार तास आधी निघा. रिफंड न मिळणारं तिकीट असेल तर त्या दिवशी संध्याकाळी पेठेत जाऊच नका, दुपारपर्यंत बघा आणि निघा.

२०. आम्ही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पोहोचतोय. काही बघायला मिळेल?

सकाळी लवकर आलात तर मिरवणुकीचं शेवटचं टोक मिळण्याची शक्यता आहे. रात्रभर जागलेली मंडळं, गुलालाने माखलेली पोरं, बसलेले आवाज. देखावे मात्र संपलेले असतात, त्यांच्यासाठी येत असाल तर प्रवास पुढे-मागे करा. कसबा गणपती, जोगेश्वरी आणि दगडूशेठची मंदिरं बाराही महिने उघडी असतात, आणि त्या दुपारी तिथे इतकी शांतता असते की पुजारी स्वतःहून कुठून आलात म्हणून विचारतात.